रुमाव सर बाहेर बसले होते

रुमाव सरांच्या दुखवट्याचा ठराव आमच्या कॉलेजात पोहोचला, तेव्हा त्यांच्या वर्षाची चर्चमधली मिस्सासुद्धा होऊन गेली होती. विद्यापीठाच्या पहिल्या सभेला तो विषय वेळेत दाखल झाला नव्हता. दुसऱ्या सभेत वेळ पुरला नाही. तिसऱ्या सभेत एकदाचा मंजूर झाला, तर पुढे इतिवृत्त कायम व्हायचं होतं, म्हणजे मागच्या सभेत जे झालं ते खरंच झालं असं पुढच्या सभेने मान्य करायचं होतं. तोवर कागद तिथेच पडून. ठरावात लिहिलं होतं, 'वसई-विरार शहराच्या विकासात विद्यापीठाच्या वतीने मोलाचा वाटा उचलणारे प्राध्यापक.' मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या तो वाचला आणि म्हणाले, "डोंबलाचा वाटा! उचलू दिलात का तुम्ही त्यांना?"

"म्हात्रे मॅडम, दार उघडं आहे," प्राचार्य म्हणाले.

"असू दे उघडं!"

आणि गंमत सांगू? सर असते ना, तर त्यांनी विद्यापीठाचीच बाजू घेतली असती. चष्मा पुसत म्हणाले असते, "बाई, इतिवृत्त कायम झाल्याशिवाय ठराव बाहेर पाठवणार कसा?" माणूस गेला तरी माझं डोकं फिरवायचं काही सोडत नाही.

इनास रुमाव हे त्यांचं पूर्ण नाव. भूगोल शिकवायचे. घर नंदाखालला, केळीच्या आणि नारळाच्या वाडीत. मी अर्थशास्त्राची. आमचं घर खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचं. आमच्यात मनात आलं की ते ओठावर आलंच पाहिजे, नाहीतर जेवण जात नाही. सर अगदी उलट. उघड्या दारावरही टकटक करणार. स्टाफरूममध्ये आम्ही चौघं चहा पीत बसलेलो असलो तरी बोलायच्या आधी हात वर करणार. कुणीतरी मानेने हो म्हणेपर्यंत तो हात तसाच. "मुद्दा क्रमांक एक," अशी सुरुवात व्हायची आणि मुद्दा क्रमांक दोन येईपर्यंत तासाची घंटा व्हायची. विद्यापीठाच्या कायद्याचं पुस्तक त्यांनी शाळेतल्या पोरासारखं खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. काहीही अडलं, की "नियमात बसवू या," हे त्यांचं पालुपद.

एकदा स्टाफ सेक्रेटरीच्या निवडणुकीला सर एकटेच उभे होते. आम्ही म्हटलं, बिनविरोध झालं, चला, वडापाव मागवा. छे! स्टाफच्या घटनेत गुप्त मतदान लिहिलंय, तेव्हा मतदान झालंच पाहिजे. चिठ्ठ्या केल्या, चॉकचं खोकं पेटी म्हणून ठेवलं, एकेकाने जाऊन मत दिलं. मोजणीत एक चिठ्ठी कोरी निघाली. कुणाची म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर सर म्हणाले, "माझी. उमेदवाराने स्वतःलाच मत देणं मला बरं वाटलं नाही." तोवर वडे गार झाले होते.

त्यांच्या चर्चच्या कमिटीतही हीच तऱ्हा. तिथले फादर मला एका लग्नात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "तुमचे रुमाव सर फार देवमाणूस. फक्त फेस्ताच्या सणाच्या मीटिंगला त्यांना जरा उशिराची वेळ सांगावी लागते."

पण सुकेळी! ती मात्र त्यांच्या घरची खावी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात घट्ट बांधलेली. सर दर हंगामात पिशवी भरून आणायचे आणि सगळ्या स्टाफला, शिपायांना, लायब्ररीत वाटायचे. त्यातही नियम होताच. ज्याच्या हातात सरांचं काही काम अडकलेलं असेल, त्याला सुकेळी नाही. काम होवो न होवो, निर्णय झाला की मग. "निर्णय व्हायच्या आधी दिलेलं खाणं हे खाणं राहत नाही, बाई." विद्यापीठात एक कारकून होते, गोड खाणारे. त्यांच्या टेबलावरून सरांची फाइल हलेना. मी म्हटलं, अहो, दोन पुडकी ठेवा त्याच्या टेबलावर, दुपारपर्यंत फाइल वरती जाईल. सर माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू त्यांना खिसा कापायला सांगितलं. फाइल तिथे पावसाळाभर राहिली. ती वर गेली त्या दिवशी सर पुडकं घेऊन गेले, तर कारकुनांची बदली झालेली. मग ते बदलीचं ठिकाण शोधून तिथे देऊन आले.

ती फाइल बावखलांची होती. आता हे सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांमध्ये जुनी तळी आहेत, घरोघरची. पूर्वजांनी वाडीत भराव घालायला माती खणली आणि खणलं तिथे पाणी साठवलं. त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात उतरतं, वाडी बुडत नाही, आणि उन्हाळ्यात विहिरींना गोडं पाणी राहतं. समुद्र इतका जवळ असून पाणी खारं होत नाही ते बावखलांमुळे. पण सातबारावर बघाल तर ते नुसतं जमिनीचा भाग. कुठल्या नकाशावर तळं म्हणून त्याची खूण नाही. त्यामुळे एखादं बावखल बुजवून त्यावर बिल्डिंग उभी राहिली, तर कागदावर काहीच घडलेलं नसतं. पाऊस पडला की तळमजल्यावर पाणी येतं आणि लोक म्हणतात, कमाल आहे, पूर्वी असं नव्हतं.

सरांनी वर्षानुवर्षं पोरांना घेऊन ही बावखलं शोधून नकाशावर घेतली. तेही कसं? अभ्यासक्रमात होतं वाळवंट. वाऱ्याने तयार होणाऱ्या वाळूच्या टेकड्या, सक्तीच्या. अर्नाळ्याहून मासळीच्या वासाच्या गावातून येणाऱ्या पोरांना सर वाळवंट शिकवायचे, आणि ते अगदी मन लावून, कारण अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासक्रम. वाळवंट संपलं की रविवारी स्वतःच्या वेळात बावखलं. त्याला मार्क नाहीत, हजेरी नाही. तरी पोरं जायची. प्रत्येक वाडीत आधी घरच्यांची परवानगी घ्यायची, मग टेप लावायचा. कुणी नाही म्हटलं तर नमस्कार करून परत फिरायचं. एक म्हातारी पोरांना दरवेळी नाही म्हणायची आणि दरवेळी शहाळी पाजायची. शेवटी तिच्या वाडीचं माप सरांनी तिच्या मनात येईपर्यंत थांबून घेतलं.

त्या बावखलांत एक सरांच्या घरचंही होतं. वाटणीत ते धाकट्या भावाकडे, अंतोनकडे गेलं होतं. अंतोनला मुलीचं लग्न, मुलाचं परदेश, गिऱ्हाईक तर दारात उभं. पण भाऊ मोठा म्हणून त्याने एक शब्द दिला होता. शहराचा नवा विकास आराखडा होतोय, त्यात आपलं बावखल तळं म्हणून आलं, तर मी हात लावणार नाही. नाही आलं तर विकीन, आणि मग तू मध्ये बोलायचं नाहीस. सरांनी ते मान्य केलं. मी म्हटलं, "मान्य काय केलंत? भांडायचं सोडून?" तर म्हणाले, "वाटणी त्याची आहे, बाई. त्याने मुदत दिली हेच पुष्कळ."

तर सरांना एवढंच हवं होतं. आराखड्याच्या नकाशावर बावखलं यावीत, अंतोनच्या वाटणीतलं धरून सगळी.

आणि नशीब बघा, पालिका तयार होती! एरवी आपण पालिकेला शिव्या घालतो, पण त्या वेळी नगररचनेत एक तरुण अधिकारी होते, ते स्वतः चालत आमच्या कॉलेजात आले. सरांचा नकाशा टेबलावर पसरून बघितला. म्हणाले, "सर, हे मला हवंच आहे. पण हरकती-सूचनांचे ढीग आलेत. एका माणसाची सूचना त्या ढिगात जाईल. हेच विद्यापीठाचा अभ्यास म्हणून, विद्यापीठाच्या शिक्क्याने मुदतीत आलं, तर मी ते नकाशावर घेऊ शकतो."

आता आमचं कॉलेज पडलं संलग्न. संलग्न म्हणजे काय, तर पोरं आमची, वर्ग आमचे, शिक्का त्यांचा. गावाच्या पाण्याबद्दल गावातल्या कॉलेजाने एक ओळ लिहून द्यायची तर ती विद्यापीठाच्या परिषदेतून यायला हवी. विद्यापीठ कुठे, तर खाडीपलीकडे, मोठ्या शहरात. त्या परिषदेत उद्योगपती, निवृत्त अधिकारी, दूरदूरचे प्राचार्य. आमच्या शहरातून तिथे निवडून गेलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे रुमाव सर. त्यासाठीच तर ते उभे राहिले होते. नियम बाहेरून बदलत नाहीत, आत बसून बदलतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी वर्षं घालवली होती.

मी तेव्हाही सांगितलं होतं, की सर, तुम्ही नकाशा तुमच्या नावाने देऊन टाका, शिक्क्याचं नंतर बघू. तो अधिकारी चांगला आहे, काहीतरी करील. त्यावर ते जे बोलले ते मला अजून ऐकू येतं.

"बाई, रुमावचं बावखल वाचवायला रुमाव बोलला, असं एकदा झालं की बाकीची सगळी बावखलं रुमावची होतात."

मी चिडलेच.

परिषदेच्या सभेच्या दिवशी मीही तिथे होते. माझी पेपर तपासणीच्या तक्रारींची कसलीशी समिती होती, ती लवकर आटोपली. म्हटलं, सरांबरोबरच परत जाऊ. प्राचार्यांनी त्या दिवशी आपली गाडी दिली होती, तेवढा विषय मोठा होता. सभागृहाबाहेर लाकडी बाक, त्यावर मी बसले. दाराशी पट्टेवाला. आराखड्याच्या सूचनांची मुदत जवळ आलेली, आणि पुढची सभा मुदतीनंतर. म्हणजे आज काय ते आज.

दार उघडलं आणि रुमाव सर बाहेर आले. नीट दार लावून घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"झालं?" मी उठलेच.

"नाही. विषय आत्ताच पुकारला."

"मग तुम्ही बाहेर काय करताय?"

"त्या क्षेत्रात माझ्या कुटुंबाची जमीन आहे," सर म्हणाले. "मी तसं जाहीर केलं आणि बाहेर आलो. हितसंबंध असलेल्या सदस्याने चर्चेला थांबू नये."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, पट्टेवाल्याने वळून बघितलं. दार जुनं, फटीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्षांचा आवाज आला, "हे बावखल म्हणजे नेमकं काय?"

आतून कागद चाळल्याची सळसळ. मग एक जण म्हणाले, "विहिरीचा प्रकार असावा." दुसरे म्हणाले, "नाही नाही, खाजण असतं ना खाऱ्या पाण्याचं, ते." तिसऱ्यांना वाटलं मत्स्यशेती. कुणीतरी विचारलं, मग हा भूगोलाचा विषय की मत्स्यशास्त्राचा? प्रस्ताव कोणत्या विद्याशाखेकडून यायला हवा होता? पुढे तेच. बावखल राहिलं बाजूला आणि विद्याशाखा कोणती यावर चर्चा रंगली.

"सर, जा ना आत!" मी त्यांच्या दंडाला धरलं. आयुष्यात कधी धरलं नव्हतं. "नुसतं सांगून या! गोड्या पाण्याचं तळं. तीन शब्द आहेत!"

सरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटं पांढरी पडली होती. "मी आत गेलो तर उद्या कुणीही हा ठराव रद्द करून घेईल."

"ठराव होऊ तर द्या आधी!"

"बाई, बसा."

"मग मी जाते. मी सांगते."

"तुम्ही सदस्य नाही," सर म्हणाले, आणि पट्टेवाला दारासमोर सरकला. त्याचं काय चुकलं? त्याला तेवढंच काम होतं. आमच्या शहराच्या पाण्याबद्दल त्या इमारतीत बोलू शकणारी दोनच माणसं होती, आणि दोन्ही बाकावर.

आतून अध्यक्ष म्हणाले, "संबंधित विषयाची अधिक माहिती घेऊन पुढील सभेत ठेवावा." आणि पुढचा विषय पुकारला. कॅन्टीनच्या भाड्याचा.

सर उठले, शर्ट सारखा केला, दारावर टकटक केली आणि आत गेले. उरलेल्या सगळ्या सभेला बसले, कॅन्टीनच्या भाड्यावर बोललेसुद्धा.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. वसईला उतरल्यावर मात्र राहवेना. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर मी त्यांना काय काय बोलले! माझी घरची बोलीच बाहेर पडली. "पानी जाईल तुमच्या वाडीचा, आनि तुम्ही बसा नियम वाचत!" असं काहीसं. सर शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "अंतोनला आज सांगावं लागेल. शब्द दिलाय." आणि आगाशीच्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढचं ऐका, म्हणजे तुमचंही डोकं माझ्यासारखंच फिरेल. काही दिवसांनी विद्यापीठाच्या विधी विभागातल्या बाई कॉलेजात आल्या होत्या. मी त्यांना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "बाहेर जायची काहीच गरज नव्हती. हितसंबंध जाहीर केला की पुरे. मतदान करायचं नाही, एवढंच. बसून माहिती देता आली असती." मी तशीच सरांकडे. कायद्याचं पुस्तक उघडायला लावलं. सरांनी ते कलम वाचलं, परत वाचलं. ज्या माणसाला पानंच्या पानं पाठ, त्याच्या नजरेतून हे सुटलं होतं, असं मला वाटलं. मी म्हटलं, आता तरी कबूल करा.

"मला माहीत होतं ते," सर म्हणाले.

"काय?"

"नियम एवढाच आहे. पण मला तिथे बसवेना, बाई. मी तळं म्हटलं असतं आणि डोळ्यांपुढे आमचंच आलं असतं. आवाजात आलं असतं ते."

मी तडक बाहेर पडले. जिन्यात जाऊन रडले. राग होता तो, दुसरं काही नाही, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

पुढच्या सभेत विषय एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या म्हणे. वर सरांच्या अभिनंदनाचा वेगळा ठराव! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पालिकेत मुदत संपली होती, नकाशे पुढे मंजुरीला गेले होते. त्या तरुण अधिकाऱ्यांना मी फोन केला तर बिचारे म्हणाले, "मॅडम, मी वाट बघत होतो हो. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघितली." त्यांनी तरी किती बघायची?

मग कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती आली. बाहेरगावचे तीन विद्वान, गळ्यात आमच्या मुलींनी घातलेले हार. अहवालात 'शहराच्या विकासातील योगदान' असं एक सदर असतं, त्याला चांगले गुण असतात. आमच्याकडे त्या सदरात दाखवायला काय होतं? सरांचा नकाशा. प्राचार्यांनी तो मोठा छापून, चौकट करून सभागृहात लावला होता. आदल्या दिवशी आम्हां सगळ्यांना बजावलं होतं, जास्त बोलू नका. समितीचे अध्यक्ष नकाशापुढे थांबले. खूश झाले. म्हणाले, "वा! म्हणजे विकास आराखड्यात याचा उपयोग झाला तर."

प्राचार्य हसले. मी हसले. सगळा स्टाफ हसला. रुमाव सरांनी हात वर केला.

मी मनात म्हटलं, नको. सर, आज नको. अध्यक्षांनी मान हलवली.

"नाही झाला," सर म्हणाले. "वेळेत पोहोचला नाही."

प्राचार्यांचा चेहरा आंबा नासावा तसा. गुण गेले, श्रेणी घसरली, आणि महिनाभर स्टाफरूममध्ये सरांशी कुणी धड बोलेना. एकाने तर तोंडावर सांगितलं, "सर, तुमच्या खरेपणाची किंमत आम्ही का भरायची?" सरांनी यावर खूप विचार केलेला दिसला. दोन दिवसांनी त्याच्याकडे जाऊन म्हणाले, "तुमचा प्रश्न रास्त आहे. मला उत्तर सापडलं नाही." असा माणूस! भांडायचीही सोय नाही.

त्यानंतर ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण मुद्दा क्रमांक एकवरच संपलं.

शेवटचं बघितलं ते नंदाखालला. विद्यापीठाने एक नवं केंद्र काढायचं ठरवलं होतं, विद्यापीठ आणि शहरविकास असल्याच काहीतरी नावाचं. सल्लागार म्हणून रुमाव सर हवेत, असं वरून आलं होतं. त्यांचं मन वळवायला प्राचार्यांनी मला धाडलं. का, तर मी त्यांच्याशी भांडत असे म्हणून. सर मला गल्लीच्या तोंडाशीच भेटले. अर्धी पँट, हातात कोयता, केळीचा चीक कपड्यांवर. वाळले होते पुष्कळ. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा लगेच कॉलेजातला झाला.

"केंद्र कोणत्या ठरावाने स्थापन झालं?"

"मला काय माहीत! तुम्ही हो म्हणा ना आधी."

"परिषदेत इथलं कोण आहे आता?"

"कुणी नाही," मी म्हटलं. खरंच कुणी नव्हतं.

सर काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात एक डंपर येऊन आमच्याजवळ थांबला. काठोकाठ राबिट भरलेलं, पाडलेल्या बिल्डिंगचं. ड्रायव्हर अगदी पोरगेला, घामाघूम. खिडकीतून मोबाइल बाहेर काढून दाखवत म्हणाला, "अंकल, इधर वो तालाब जैसा गड्ढा किधर है? अंतोन सेठवाला. भरनी का माल है. कब से घूम रहा हूँ, मॅप में कुछ दिखाता ही नहीं."

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आज तरी. एकदाच, देवाशपथ, एकदाच खोटं बोला. सांगा की इथे नाही, पुढच्या गावात बघ. एक दिवस तर जाईल! मी त्यांना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. त्यांनी ती खूण बघितली.

"मॅप में नहीं आया," सर त्याला म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "चुकीचं सांगितलं तर हा कंटाळून कुणाच्याही वाडीत ओतून जाईल, बाई. आणि अंतोनला मी शब्द दिलाय."

"सर, अहो, तुमचं तळं आहे ते!" मी ओरडलेच. रस्त्यात. मला त्यांचा इतका राग आला होता, की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

सरांनी कोयता कुंपणाशी ठेवला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना लोकांच्या वाड्या. ते डंपरच्या पुढे झाले आणि हात वर करून चालायला लागले. मागे तो डंपर, सावकाश. शेजाऱ्यांच्या पोफळींना धक्का लागू नये म्हणून सर दर वळणावर थांबत होते, मागे वळून ड्रायव्हरला हाताने दाखवत होते, जरा डावीकडे घे, अजून थोडं, हां, आता सरळ.